जेवणाआधीचे दोन ग्लास

गब्बूचं पोट दुखतं ते खाखा केल्याने, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. पोर दहा वर्षांची आणि वजन जवळजवळ आईच्या बरोबरीचं; मग दुसरं कारण शोधायला जातंय कोण? आत्याने उपाय सुचवला. जेवणाआधी दोन मोठे ग्लास पाणी पाजायचं, की पोट आधीच भरतं आणि अन्न कमी जातं. आत्या स्वतः काही चवळीची शेंग नव्हती, पण लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पाणी पाजायचं काम बापाने अंगावर घेतलं. तो धंद्याने प्लंबर, त्याचा सगळा दिवस लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करण्यात जायचा. संध्याकाळी तो समोर बसायचा आणि ग्लास रिकामे झाल्याशिवाय ताट वाढू द्यायचा नाही. थोड्या वेळाने गब्बू डावी कूस धरून वाकायची, कधी ओकायची. नाटकं पुरे, असं बाप म्हणायचा. आईने एकदोनदा तोंड उघडलं, तेव्हा तुझ्या लाडानेच ही वेळ आली म्हणून तिलाही गप्प केलं. पुढे पोरीने तक्रार करणंच सोडलं. उपाय लागू पडला म्हणून बाप खूश झाला.

मग एक दिवस शाळेत ती ओकून ओकून पांढरीफटक पडली आणि बाईंनी तिला थेट दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड टम्म फुगलेलं दिसलं.

सर्जनबाईंनी आईबापांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं. मूत्रपिंडातून लघवी खाली नेणारी नळी तोंडाशीच जन्मतः अरुंद होती. लघवी साचायची, आणि एकदम खूप पाणी प्यायलं की मूत्रपिंड ताणलं जाऊन कळ यायची. हे वजनामुळे झालेलं नव्हतं. वजनामुळे एवढंच झालं, की दुसरं काही असेल असं कोणाच्या मनातच आलं नाही.

बापाला चित्र अर्ध्यावरच कळलं होतं. तुंबलेल्या पाइपात वरून पाणी ओतायचं नसतं, हे तो लोकांना रोज बजावत असे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी वजन उतरवूया का, असं त्याने कसंबसं विचारलं. सर्जनबाई नाही म्हणाल्या. जाड मुलांना भूल देणं जरा जिकिरीचं असतं, त्याची तयारी आपण करू. पण थांबलो तर मूत्रपिंड हातचं जाईल.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं. अरुंद तुकडा कापून नळी पुन्हा रुंद जोडली. दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी बजावलं, की जोड नीट आहे ना हे पहिल्यांदा पोरीच्या दुखण्यावरूनच कळेल. दुखलं की तिने सांगितलंच पाहिजे.

नर्सने विचारलं तेव्हा गब्बू म्हणाली, नाही दुखत. नर्स पुढच्या खाटेकडे वळली. पण चादरीवरची पोरीची घट्ट आवळलेली मूठ बापाला दिसली. नाही दुखत हे तिला कोणी शिकवलं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

तो खाटेजवळ खाली बसला. "दुखतंय ना?"

"तू रागावशील."

"नाही रागावणार. तू तेव्हाही खरंच सांगत होतीस बाळा. मीच ऐकलं नाही."

गब्बू त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, खूप दुखतंय."

त्याने नर्सला अशी हाक मारली की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्सने पांघरूण काढलं. ऑपरेशनच्या वेळी लघवी बाहेर पिशवीत जायला बसवलेली नळी पोरीच्या मांडीखाली दबून मुडपली होती. तिने ती सरळ केली, तशी पिशवी भरायला लागली आणि गब्बूची मूठ हळूहळू सुटली. जोडाला काही झालेलं नव्हतं, सर्जनबाईंनी येऊन तपासलं.

दुपारी नर्सने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि गब्बूने आधी बापाकडे पाहिलं. तिने ग्लास उचलला, अर्धा प्यायली आणि म्हणाली, "बस, आता नको."

"बरं," बाप म्हणाला, आणि उरलेलं पाणी त्याने स्वतः गुमान पिऊन टाकलं.