भरलेला हौद

थोरली आणि धाकटी, या दोघी जावांमधून विस्तव जात नव्हता. बोलायचंच झालं तर त्या गायीशी बोलत. "तांबडे, काही लोकांना शेण उचलायची लाज वाटते गं," असं थोरलीनं म्हणायचं आणि धाकटीनं गायीच्याच कानात उत्तर द्यायचं. गाय बिचारी रवंथ करत दोघींचं ऐकून घ्यायची.

वाटणीत घर मधोमध कापलं, गाय कापता येईना. म्हणून सकाळची धार थोरलीची, संध्याकाळची धाकटीची. हौद भरण्याच्या पाळ्याही तशाच. पण तांबडीला कालवडीपासून वाढवलं होतं धाकटीनं. त्या घरात तिचं आपलं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

उन्हानं गोठ्याचे पत्रे तापले आणि दूध आटलं. जनावरांचा डॉक्टर अंगणात उभ्या उभ्या म्हणाला, "हे व्हिटॅमिनचं औषध रोज एक टोपण पाण्यातून द्या." कुणी द्यायचं, ते त्यानं सांगितलं नाही, आणि एकमेकींना विचारायला कुणाची जीभ उचलली नाही.

धाकटीनं आपली वेगळी बाटली आणली. संध्याकाळी पाहते तर हौद काठोकाठ. मला हिणवायला भरून ठेवलाय, असं वाटून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पाणी बदललं नाही. औषध मात्र ओतलं, आणि थोरलीचा हात आखडता म्हणून एकाऐवजी दोन टोपणं ओतली. दुसऱ्या दिवशीही हौद तसाच भरलेला, आणि धार आणखी कमी. म्हणजे महामाया दुपारी चोरून पिळतेय, हे तिनं ठरवूनच टाकलं.

तिसऱ्या दुपारी तांबडी बसली ती उठेना. डोळे खोल गेलेले, जीभ बाहेर. डॉक्टरनं मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"पाणी कधीपासून नाही हिला?"

"हौद भरलेलाच असतो," दोघी एकदमच म्हणाल्या.

त्यानं हौदातलं घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "कडूजहर झालंय. कोण पिईल हे?"

धाकटीनं कित्येक वर्षांत पहिल्यांदा थोरलीकडे सरळ पाहिलं. "तुम्हीपण औषध घालत होतात?"

"तू घालणार नाहीस, याची खात्री होती मला."

"आणि पाणी?"

"मला वाटलं, तू भरतेस. मला कमीपणा आणायला."

ताज्या पाण्याच्या बादल्या झाल्या, सलाईन झालं. दिवेलागणीला तांबडी गेली.

सकाळी धाकटी गोठा झाडत होती. दारात थोरली येऊन उभी राहिली. रात्रभर साठलेलं सगळं धाकटीच्या ओठांवर आलं.

"तांबडे, सांग यांना..." ती म्हणाली आणि थांबली. समोर मोकळं दावं होतं.

थोरली पुढचं ऐकायला तशीच उभी. धाकटीला रडू फुटलं, आणि ते हिच्यासमोर फुटलं, याचा तिला जास्त राग आला.