सावली बुडाशी जाईपर्यंत

“बापू, तुही चूक नव्हती.”

चार वर्षांनी अमरसिंग बापाच्या झोपडीत बसला होता. पुसदहून सायकल हाणत थेट तांड्यावर आला होता. हिरासिंग कुडाला टेकून ऐकत होता.

“पुसदच्या शाळेच्या वामनराव मास्तरनं पृथ्वीचा गोळा फिरवून दाखवला मले. सूर्य डोक्यावर येते, त्याले हद्द हाय. भोपाळजवळून जाते. आपन पृथ्वीच्या कमरेजवळ, पंजाब खांद्याकडं. तिकडं तो कदी डोक्यावर येतच नाई. म्हनून तर तिथं हिवाळ्यात पानी गोठते. तू वाट पाहून राह्यला होता, अन् ते होनारच नव्हतं.”

*

पंजाब, १९५९. कालव्याचं काम. वैशाख.

हिरासिंग टोळीचा मुकादम. कायदा तांड्यावरूनच सोबत गेलेला: रोवलेल्या काठीची सावली बुडाशी गेली की सुट्टी, बाटी, पाणी. आपल्याकडे वैशाखात ती जाते. तिथे पहिल्याच दिवशी ती वीतभर उरली आणि थांबली. हिरासिंग म्हणाला, अजून थोडं. मग सावली दुसऱ्या बाजूला लांबू लागली, आणि…

*

“म्या तुले पंचायतीत खुनी म्हनलं,” अमरसिंग म्हणाला. “साऱ्या तांड्यासमोर.”

“झालं गेलं,” त्याची आई बसंतीबाई चुलीपासून म्हणाली. “बापलेक एका ताटात जेवा. पुसदच्या खानावळीचं खाऊन पाय काड्या झाले तुहे.”

*

जमनी मातीच्या पाटीसकट खाली बसली. अमरसिंगची बायको. ती उठलीच नाही.

त्याच्या आधीचं हिरासिंगने कोणाला सांगितलं नव्हतं. सून सासऱ्याशी बोलत नाही. पदर ओढून, पाठ फिरवून ती माठाशी आली आणि लोट्याने माठावर टकटक केली. थोड्या वेळाने पुन्हा. या खेपेला हळू. हिरासिंगला कळलं होतं. तो समोर बघत म्हणाला, “काठीले सावली हाय अजून.”

अमरसिंग तेव्हा पलीकडच्या खड्ड्यावर होता.

*

ताट मध्ये आलं. अमरसिंगने बाटी मोडली, अर्धी बापापुढे सरकवली. हिरासिंगने नुसता घास घेतला असता, तर सारं मिटलं असतं.

“तिनं पानी मांगलं होतं,” हिरासिंग म्हणाला.

“कोनाले?”

“मले. दोन डाव. माठ वाजवला.”

“मंग?”

“काठी पाहून राह्यलो होतो.”

“माठ कुठी होता?”

“मांडीजवळ.”

“कायले बोलता आता?” बसंतीबाई ओरडली. “पोरगं घरी आलं ना!”

“मास्तरच्या गोळ्यात ते नाई,” हिरासिंग म्हणाला.

अमरसिंग उठला. हातही न धुता बाहेर गेला आणि सायकल काढली. दुपार रणरणत होती.

“ऊन उतरू दे,” हिरासिंग दारातून म्हणाला. “मंग जाय.”

फुफाट्यात चाकं रुतत होती. अमरसिंगने सायकल खांद्यावर घेतली आणि चालत निघाला.