कागद अंथरायला दोन माणसं

मल्चिंगचा कागद, म्हणजे शेतातली माती झाकायचं पातळ प्लास्टिक, एकट्याने अंथरता येत नाही. एकाने गुंडाळी धरून मागे मागे सरकायचं, दुसऱ्याने फावड्याने कडांवर माती लोटायची. चीनमधल्या डिंगशीच्या उघड्याबोडक्या डोंगरावर वारा असा, की हात जरा ढिला पडला की कागद थेट दरीत. म्हणून दर शरदात गाइश्यांगचा मुलगा रुइशेंग लांचोउहून गावी यायचा. वर्षातून तेवढाच यायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि शहरातल्या लिफ्ट म्हणे ऐन नववर्षाच्या सणातच हटकून बंद पडायच्या.

नवरा गेल्यापासून गाइश्यांग एकटी होती. आजूबाजूच्या दारांना कुलपं. गेल्या शरदात रुइशेंगचा फोन आला, "मा, यंदा नाही जमत गं."

तिने एकटीने करून पाहिलं. एका टोकाला दगड ठेवले, दुसरं टोक ओढत नेलं. वाऱ्याने दगडांना भीक घातली नाही. कागद उडून शेजारच्या जर्दाळूच्या झाडावर जाऊन बसला आणि ती सरीत बसून हमसून रडली. लाजायचं तरी कोणाला?

तालुक्याच्या शेतकी कार्यालयातली वेनश्यू मोटरसायकलवरून आली ती तेव्हाच. पोरगी तोंडाळ, पण मायेची.

"काकू, कागदाचा नाद सोडा. मक्याचा कडबा पसरा पट्ट्यापट्ट्यांनी, मधे बटाटे लावा. एकटीला जमेल."

"कडबा? तो तर मेंढ्या खातात."

"मेंढ्यांपेक्षा खादाड मंडळी मातीत आहेत. दिसत नाहीत, एवढंच."

गाइश्यांगने कडबा पसरला. पुढच्या उन्हाळ्यात पाऊस रुसला, तरी बटाट्याचा पाला हिरवागार राहिला. वेनश्यूने येऊन कडबा बाजूला सारला. खाली माती ओली, भुसभुशीत, आणि तिच्यात बुरशीचे बारीक पांढरे धागे.

"बघा. कागदाखाली माती तापते, मग हे मातीतले बारीक जीव हावरटासारखे खात सुटतात. पीक येतं भरघोस, पण वरून नवं काही पडत नाही, माती वर्षागणिक रोड होते. इथे कडबा सावकाश कुजतो. त्यांना रोजचं जेवण, तुम्हाला बटाटे."

"म्हणजे माझ्या शेतात एवढी पंगत उठते नि मी चुलीपाशी एकटी शेवया गिळते! मला कोणी बोलावलं का?"

दोघी खूप हसल्या. मग वेनश्यू गेली आणि डोंगर पुन्हा गप्प झाला.

बटाटे निघाले ते पाहून गाइश्यांगला कधी एकदा मुलाला सांगते असं झालं. "तुझ्या मुठीएवढे आहेत रे! कागद नाही, काही नाही!"

"वा, मा! एकटीनं केलंस? मग आता काळजीच मिटली. मी उगाच रजेसाठी साहेबाची मनधरणी करत होतो. आता यायला नकोच."

"नको," ती म्हणाली. कागद गेला की मुलाचं येणंही जाईल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर जेवण गोड लागेना. बटाट्यांचा ढीग पाहिला की तिला राग यायचा, आणि राग धरायचा तर कोणावर?

एका सकाळी तिने दाताळं घेतलं आणि उरलासुरला कडबा बांधावर ओढायला लागली. पांढरे धागे तटातट तुटले. गांडुळं उघडी पडून वळवळली. इतकी चांगली माती तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. हात थांबत होता, ती पुन्हा चालवत होती.

"रागावू नका रे," ती खाली वाकून म्हणाली. "तुम्ही पुष्कळ आहात."

मग बांधावर बसून तिने फोन लावला.

"रुइशेंग, बटाटे आतून सडके निघाले बघ. कडब्याचं काही खरं नाही. कागदच अंथरायला हवा."

"हात्तिच्या! मग आपला कागदच बरा. बरं, येतो. किती दिवसांचं काम आहे?"

गाइश्यांगने समोरच्या त्या टीचभर शेताकडे पाहिलं.

"आठवडा तरी लागेल," ती म्हणाली.