ग्योंगसिकचे तहानलेले पितर

आमच्या घराण्यात पितरांची टंचाई कधीच नव्हती. कोरियातल्या आमच्या आंदोंगच्या आसपास कुठल्याही टेकडीवर काठी टेकवा, ती आमच्या कुठल्या ना कुठल्या आजोबांच्या पोटात रुतते. तरीही माझ्या चुलतभावाला, ग्योंगसिकला, पितर कमी पडले.

ग्योंगसिक शाळेतून निवृत्त झाला त्याच वर्षी डॉक्टरांनी त्याला बजावलं, यकृत गेलंय, दारूचा थेंबही नको. त्याने घरातल्या सगळ्या बाटल्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. त्याची बायको माल्सुन आनंदाने रडली. शेजारीही आनंदात होते. आणि पुढच्याच वसंतात ग्योंगसिक धार्मिक झाला.

वडिलांचं, आजोबांचं श्राद्ध सगळेच घालतात. ग्योंगसिकने पणजोबांपासून सुरुवात केली. मग एक निपुत्रिक चुलत आजोबा, ज्यांचं नावही कुणाला आठवत नव्हतं. मग लढाईत गेलेला मामा, मग आत्याचे सासरे. आता श्राद्ध म्हटलं की दारू आलीच. पेला भरायचा, कपाळ जमिनीला टेकवायचं आणि पितरांनी उष्टावलेली दारू वंशजाने प्यायची. ती नाकारणं म्हणजे पितरांच्या तोंडावर दार लावणं. डॉक्टरांनी मनाई दारूची केली होती, पितरांबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

घराण्याचे थोरले काका चांगह्वान इतके भारावले, की त्यांनी ग्योंगसिकला आदर्श वंशज म्हणून रेशमी काठाचं मानपत्र दिलं. पेला उचलताना ग्योंगसिकचा हात थरथरायचा. काका म्हणायचे, बघा, याला भक्ती म्हणतात. पेला रिकामा झाला की थरथर थांबायची. काका म्हणायचे, बघा, याला कृपा म्हणतात.

संशय आला तो ग्योंगसिकच्या मुलीला, दाउनला. ती देगू शहरात असते. तिने मला फोन केला.

"काका, श्राद्धं आधी मध्यरात्री व्हायची. मग संध्याकाळी व्हायला लागली. आता बाबा न्याहारीच्या आधीच उरकतात. पितर एवढ्या पहाटे उठतात का?"

मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना झोप कमी असते. ती हसली नाही. बाबा भातसुद्धा दोन घासांपलीकडे खात नाहीत, तुम्ही एकदा जाऊन या, एवढंच म्हणाली.

मी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. माल्सुन बाजारात गेली होती. आतल्या खोलीत पडदा, मेणबत्त्या, सुकी मासळी, वरून कापलेली नासपती, सगळं शास्त्राप्रमाणे मांडलेलं आणि ग्योंगसिक कपाळ टेकून पडलेला. सवयीने मीही बूट काढले, हात जोडले आणि आजचा मान कुणाचा म्हणून मेजाकडे पाहिलं. काळी फीत लावलेला फोटो होता. आधी ओळखू आला तो कोट, साठीला मुलांनी शिवून दिलेला. मग त्या कोटावरचं तोंड ओळखलं. ते माझं होतं.

 मी भिंत धरली.

"ग्योंगसिक," मी म्हणालो, "मी कधी गेलो?"

त्याने वळून पाहिलं. तो दचकला असता तर मला बरं वाटलं असतं. तो दचकला नाही.

"या दादा," तो म्हणाला. "तुमचंच चाललंय."

आणि दोन्ही हातांनी माझ्याच नावाचा पेला त्याने माझ्यापुढे धरला. मी घेत नाही म्हटल्यावर स्वतः रिकामा केला. त्याच्या डोळ्यांचा रंग शरदातल्या गिंको झाडाच्या पिवळ्या पानांसारखा झाला होता.

माल्सुन आली, तिने फोटो पाहिला आणि भाजीची पिशवी हातातून सुटली. पण त्याला दवाखान्यात न्यायला ती तयार होईना. दाउनचं लग्न व्हायचंय, भिंतीवर मानपत्र आहे, लोक काय म्हणतील? घरातच सोडवू म्हणाली. मला ते पटलं. आम्ही शेवटची बाटलीही मोरीत ओतली आणि शहाणपणाचं काम केल्यासारखे चहा प्यायलो.

दोन दिवसांत ग्योंगसिक घामाने भिजला. अंग लटलटत होतं, तरी उठून तो बसायच्या उशा सरकवायला लागला.

"पणजोबा, जरा सरका. मामांना बसू द्या. माल्सुन, अगं एवढी माणसं आलीत, पेले कुठायत?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. तो मात्र रिकाम्या उशांपुढे एकेकाला वाकत होता. मग तो ताठ झाला, दात आवळले, तोंडाला फेस आला आणि धाडकन पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला उभंच ठेवलं. दारूने तो हळूहळू मेला असता, म्हणाल्या, तुम्ही एकदम तोडून दोन दिवसांत मारत होता. इतकी मुरलेली दारू घरात सोडवायची नसते, औषधं देऊन, डोळ्यांत तेल घालून सोडवावी लागते. मग त्यांनी विचारलं, सकाळी हात कापायचा आणि प्यायल्यावर थांबायचा, हे कुणाच्या लक्षात नाही आलं?

"आलं ना," माल्सुन म्हणाली. "त्याचंच तर मानपत्र मिळालं."

ग्योंगसिक वाचला. बरेच महिने त्याने वॉर्डात काढले. घरी आल्यावर दर आठवड्याला त्याच्यासारख्यांच्या बैठकीला जायला लागला. बोलायचा मात्र फार कमी. मग वडिलांची तिथी आली. दाउनही देगूहून आली. डॉक्टरीणबाईंची अट एकच, घरात दारू नको. माल्सुनने पेल्यात गार पाणी भरलं.

चांगह्वान काका बाटली घेऊनच आले होते. पाणी बघून म्हणाले, पितरांना कुणी पाणी पाजतं का? शाप लागेल. त्यांनी बाटलीचं बूच काढलं. वास खोलीभर पसरला. ग्योंगसिकची नजर बाटलीवर खिळली आणि काही केल्या सुटेना. माल्सुनने माझी बाही धरली.

"थोरले काका," मी म्हणालो, "या खोलीत पितर होऊन आलेला मी एकटाच. माझं श्राद्ध यथासांग झालं. पेला भरला, भाऊ वाकला. मला थेंबभरही पोचली नाही. सगळी यालाच गेली."

 दाउनने काकांच्या हातातून बाटली घेतली आणि बाहेर त्यांच्याच गाडीत ठेवून आली.

ग्योंगसिकने पाण्याचा पेला उचलला. हात थरथरला, थोडं पाणी नासपतीवर सांडलं. या वेळी त्याला भक्ती कुणी म्हटलं नाही.

निघताना मी माझा फोटो मागितला. त्याने कपाटातून काढला. काळी फीत अजून होती. ती त्याने सोडवली, बाहीने काच पुसली आणि फोटो पुन्हा कपाटात ठेवून दिला.

"राहू द्या दादा," तो म्हणाला. "लागेलच कधीतरी."