खंड पडला तर

प्रेमराज महाजनांचा दंड असा होता, की धुळ्यातला त्यांचा नेहमीचा शिंपीसुद्धा बाही मोजताना टेप दोनदा लावायचा. वय पन्नाशीच्या पुढे, दुकान सरकी-पेंडेचं, आणि डोक्यात एकच भुंगा: खंड पडता कामा नये.

हा भुंगा सोडला निंबा वस्तादांनी. पांझरेकाठच्या तालमीत वस्तादांचे नियम भरपूर. मेहनत चालू असताना पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं नाही तर घाम फुकट गेला. पण सगळ्यांत कडक नियम खंडाचा. "एक दिन खंड पडना का कमायेल मांसनी चरबी व्हई जास," ते म्हणायचे आणि पुरावा म्हणून समोरच्या पानटपरीकडे बोट दाखवायचे. तिथे रतिलाल पहिलवान बसलेला असे. कधीकाळी जत्रा गाजवलेला हा गडी आता पोट मांडीवर घेऊन दोघांचं बाकडं एकटा अडवायचा. मिसरूड फुटलेल्या प्रेमराजने त्याची अशी धास्ती घेतली, की पुढे तो स्वप्नातही यायला लागला.

दुसरा कोणी असता तर हसून विसरला असता. प्रेमराजने ते मनाशी गाठ मारून ठेवलं. तालीम पहाटेची, म्हणजे मुक्काम कुठेच नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला तो भडगावला गेला आणि अक्षता पडल्या तशी एसटी धरून परत आला. त्याची बायको दिपमाला मांडवात एकटी उभी राहून विचारेल त्याला सांगत होती, "त्यासले काम शे." आता पहाटे उठून बैठका काढणं याला काम म्हणायचं असेल, तर होतं बुवा काम.

पुढे मुलगी मयुरी दोंडाईच्याला दिली. ती शाळेत शिकवते, घरात सासू नाही, म्हणून नात झाल्यावर दिपमाला सांभाळायला गेली. थोड्या दिवसांसाठी गेलेली बाई तिकडेच रुळली. लोकांनी प्रेमराजला खोचून विचारलंही, पण त्याला त्याचं फारसं वाटलं नाही. तो अधूनमधून सकाळच्या गाडीने जायचा आणि संध्याकाळच्या गाडीने यायचा. सुरुवातीला मायलेकी म्हणायच्या, "आजना दिन ऱ्हा ना." तो म्हणायचा, "सकायले तालीम शे." मग त्यांचं म्हणणं कमी झालं. ते बंद कधी झालं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. स्वतःच्या दंडावरून नजर हटत नसली की माणसाचं असंच होतं.

यंदा दिवाळी झाली आणि खांद्याने दगा दिला. वजन डोक्यावर नेताना आत काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं आणि हात वर जाईना. फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टर चारुलता यांनी खांदा फिरवून पाहिला आणि सांगितलं, "काका, आता काही आठवडे तालमीचं तोंड बघायचं नाही."

प्रेमराजचा चेहरा एवढासा झाला. "मग सगळ्या मांसाची चरबी होईल ना?"

बाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. "अहो, मांस वेगळं, चरबी वेगळी. तुमच्या दुकानात सरकी पडून राहिली म्हणून तिची तूरडाळ होते का? दंड थोडा उतरेल, मेहनत सुरू केली की पुन्हा भरेल. आणि तो भरतो विश्रांतीत. तुम्ही तर आधीपासूनच अधूनमधून सुट्टी घ्यायला हवी होती."

"आणि आमचा रतिलाल?"

रतिलाल कोण ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "त्यांनी तालीम सोडली असेल, पहिलवानाचा खुराक सोडला नसेल."

प्रेमराजला टपरीच्या बाकड्यावरचा दुधाचा तांब्या आठवला. कायम भरलेला असायचा. इतकी वर्षं त्याने पोट पाहिलं होतं, तांब्या पाहिलाच नव्हता.

त्यानंतरच्या पहाटा फार वाईट गेल्या. जाग ठरल्या वेळी यायची आणि जायला कुठे नसायचं. तो आरशासमोर सदरा काढून उभा राहायचा. दंड जागच्या जागी होता, पोटही सुटलं नव्हतं. घरात मात्र भांड्याला भांडं लागत नव्हतं. चहा करून तो ओट्यावर बसायचा आणि कप धुऊन पुन्हा ओट्यावर येऊन बसायचा. तालमीतलं कोणी चौकशीला फिरकलं नाही. फिरकणार कोण? तालमीत गप्पा नसतात, नुसते आकडे असतात. हे घर कधीचं रिकामं आहे, हे त्याला आत्ता कळत होतं आणि कळलेलं सहन होत नव्हतं.

एका रविवारी त्याने पिशवीत टॉवेल, लुंगी आणि दाढीचं सामान भरलं. दुसऱ्याच्या घरी राहायला जाताना काय काय लागतं, याचा विचार त्याला थांबून करावा लागला.

दोंडाईच्याला पोचल्यावर त्याने पिशवी खाटेखाली सरकवली. खांदा दुखावलाय, डॉक्टरीणबाईंचे उपचार चालू आहेत, एवढं सांगितलं. जेवण झालं. नात त्याच्या अंगावर खेळून झोपून गेली. तो वाट पाहत होता. कोणीतरी "ऱ्हा" म्हणायचा अवकाश, की तो लगेच हो म्हणणार होता. दुपार कलली तरी कोणी म्हणेना. मयुरी नातीला घेऊन आतल्या खोलीत गेली. दिपमाला स्वयंपाकघरातून आली ती फडक्यात बांधलेला डबा घेऊन.

"पोया भाजी शे. उठा, गाडी चुकी जाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी आज राही जास म्हनं," तो खाली बघत म्हणाला.

दिपमालाच्या हातातला डबा तसाच राहिला. ती खाटेच्या कडेला बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काय व्हयनं? डाक्टरनी काय सांगं? खरं सांगा."

"काहीच नही व." तो घाईघाईने म्हणाला. "ती म्हने, खंड पडना तरी काही होत नही. पुन्हा भरी येस."

दिपमालाने त्याच्याकडे पाहिलं. भावाच्या लग्नाच्या मांडवात एकटी उभी राहिलेली बाई होती ती.

"ते आंगनं शे, घरनं नही," ती म्हणाली.

ती उठली, डबा स्वयंपाकघरात परत ठेवून आली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मयुरी, पाहुणासनी गोधडी काढी ठेव व माय."

"कोन पाहुणा?" मयुरीने आतून विचारलं.

प्रेमराज खाटेवरून उठला आणि दारापाशी जाऊन म्हणाला, "मी शे, बेटा."