कच्छातला वारा

हॉटेलात शिरताच कमळाकरने मान वर केली आणि तो दारातच थबकला. शिरगावातल्या त्या नव्या हॉटेलात गल्ल्यामागच्या भिंतीवर विमानाचा लाकडी पंखा टांगला होता, आणि पंख्याच्या मधल्या भोकात घड्याळ बसवले होते.

पंखा त्याच्याच हातचा होता. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये सोफे आणि कपाटे बनवण्यात त्याची हयात गेली. सोफ्याला कधी एवढी माया लावली नाही, पण विमानाचा पंखा रंधून झाला की वॉर्निश मारण्याआधी तो मधल्या भोकाशी हळदीचे बोट ओढायचा, खंडेनवमीला हत्यारांना लावतात तसे. वर गेलेला माणूस सुखरूप खाली यावा, एवढेच मागणे. घड्याळाच्या कडेने ती हळद अजून दिसत होती.

मुलीच्या, नेत्राच्या पहिल्या पगाराचे जेवण होते. तिच्या तोंडाकडे बघून त्याने कसेबसे चार घास गिळले.

पंखे करायला लावले होते अल्पेशने. हेंद्रेपाड्यात बरोबर वाढलेला, धाकट्या भावासारखा. अंबरनाथच्या शेडमध्ये दोन माणसांचे छोटे विमान जोडतोय म्हणाला आणि इंजिनावर पंखा फिरवूनही दाखवला. मग एकेक पंखा कुठे गेला ते सांगायचा. हा कच्छात, हा पंजाबातल्या जमीनदाराकडे, हा केरळात. तेव्हापासून कमळाकरला हवामानाच्या बातम्यांचे वेडच लागले. कच्छात वादळ म्हटले की हातातला घास टाकून अल्पेशला फोन. अल्पेश सांगायचा, विमान बांधून ठेवलंय दादा, तू झोप बिनधास्त. आणि हा खरेच झोपायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने शेड गाठली. अल्पेशने चहा मागवला. काही लपवले नाही, लाजलाही नाही. बाहेरच्या देशांत लोक असली विमाने शेतातून उडवतात, तिकडे मार्केट आहे. इथे परवानग्यांतच जन्म जातो, उतरायला जागा नाही, एकही विमान खपले नाही, असे त्याने सांगून टाकले. पंखे मात्र हॉटेलवाले हौसेने घेतात.

"तुझा एक रुपया तरी ठेवला का मी, दादा?"

"नाय ठेवलास. मग कच्छातला विमान बांधून ठेवलाय, ह्या मना कोनी सांगितला?"

"तू इतक्या काळजीनं विचारायचास. काय बोलणार होतो मी?"

पैसे बुडवले असते तर भांडता तरी आले असते. कमळाकरचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःचाच राग आला. चहा तसाच ठेवून तो उठला.

बायकोला, माधवीला, त्याने काहीच सांगितले नव्हते. संध्याकाळी तिने सवयीने टीव्ही लावला. कच्छच्या किनाऱ्यावर जोराचा वारा सुटणार होता. तिने फोन आणून त्याच्या हाताशी ठेवला.

"अल्पेशभावजींना इचारा की."

"नको. आता तिकडं आपला कोन हाय?"

त्याने ताट पुढे ओढले आणि भात कालवायला घेतला. कान मात्र बातम्यांकडेच होते.