गोठ्यालगतची खोली

चांदी म्हैस सकाळपासून उठबस करत होती. कळा येत होत्या, पण ना पाण्यानं भरलेली पाणमोट दिसत होती, ना रेडकाचे खूर. दुपारी डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंत हात घालून पाहिलं.

"गर्भपिशवीला पीळ पडलाय, मावशी. वाट बंद झालीय. हिला आडवी पाडून या कुशीवरून त्या कुशीवर लोळवली तर सुटेल. पण मोकळी जागा हवी, आणि आत्ता."

साळूबाईनं पोराकडं, कैलासकडं पाहिलं. कैलासनं मान खाली घातली.

गोठ्याच्या तीन बाजूंना आधीच भाडेकरूंच्या खोल्या होत्या. चौथीकडून म्हैस आत-बाहेर करायची, तिथं कैलासनं गेल्या उन्हाळ्यात आणखी एक खोली उठवली. म्हैस कुठून निघंल, असं साळूबाईनं विचारलं होतं. "तिला कुटं जायाचंय? चारा-पाणी समदं जाग्यावर हाय," तो म्हणाला होता, आणि तिलाही ते पटलं होतं. आयटी कंपन्यांना लागून असलेल्या माणमध्ये खोली रिकामी राहत नाही. आता उरला होता तो मोटरसायकलपुरता बोळ. चांदीचं पोट त्याहून रुंद होतं.

"दवाखान्यात न्हेली तर?" कैलासनं विचारलं.

"कुठून? उडवत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चांदीनं गव्हाणीवर मान टाकली. तिचे डोळे वर फिरू लागले होते. साळूबाईनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि नव्या खोलीच्या भिंतीवर घातली.

"आये, पोरगं झोपलंय आत!"

"मग उठीव त्याला."

रात्रपाळी करून झोपलेला भाडेकरू इंद्रजित उघड्या अंगानं बोळात आला. "काकू, घर पाडताय का?"

"म्हस मराय लागली, बाबा. तुझी खोली पायजे."

त्यानं गोठ्यात एकदा डोकावून पाहिलं. "लॅपटॉप तेवढा काढतो," म्हणाला, आणि गादी, सिलिंडर, बादल्या बाहेर ओढू लागला.

चार इंची भिंत कैलासच्या हाताखाली पटापट कोसळली. शेपूट पिळून चांदीला उठवली. चार पावलं टाकून ती खोलीतल्या फरशीवर आडवी झाली. पाय बांधले. पोटावर फळी ठेवून डॉक्टरीणबाई तिच्यावर उभ्या राहिल्या, कैलास, इंद्रजित आणि जमलेल्या भाडेकरूंनी दोर ओढून म्हैस लोळवली. हात घालून पाहिलं. नाही. पुन्हा लोळवली. नाही.

"अजून एकदा," बाई म्हणाल्या. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

या खेपेला साळूबाईही दोराला लागली. तळहात सोलले. बाईंनी हात आत घातला आणि कोपरावरून ऊन पाणी भळाभळा फरशीवर आलं.

"सुटला."

पाय सोडले. रेडकू ओढून काढलं. मादी, पारडी होती. साळूबाईनं तिच्या नाकातला चिकटा काढला, छाती चोळली, नाकपुडीत फुंकर घातली, पुन्हा चोळली.

"राहू द्या, मावशी. ती आधीच गेली होती."

"आन् ही?"

"उठली तर जगेल. लवकर उठायला हवी."

साळूबाईनं पारडी ओढत चांदीच्या तोंडापुढं नेली. चांदीनं हुंगलं. मग चाटायला लागली. कैलास पारडी उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ दे. तिच्यासाठी उठंल ती."

चाटता चाटता चांदीनं मागचे पाय रेटले. ओल्या फरशीवर खूर सटकले, ती धाडकन बसली. पुन्हा रेटले, पुन्हा सटकले. कैलास गुडघ्यांवर बसला आणि भिंतीचा चुरा ओंजळीनं तिच्या खुरांखाली पसरायला लागला.